फुटपट्टीएवढा वड

मी फलटण सोडलं त्या सकाळी आमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त चर्चा एका वडाच्या रोपाची चालली होती. गच्चीच्या कठड्याला चीर पडली होती, त्या चिरेत ते उगवलं होतं. वीतभर उंच, पाच-सहा पानांचं, पण त्याच्यामुळे खालच्या खोलीत ओल उतरायला लागली होती. ते उपटायला हवं हे सगळ्यांना मान्य होतं. उपटायचं कुणी, एवढाच प्रश्न होता. आई दर वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळून सात जन्म हाच नवरा मागणारी, तिने वडाला खुरपं लावणं शक्य नव्हतं. बाबा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट, उसाच्या रसातली साखर मोजण्यात हयात घालवलेले, देवळाच्या दारातून चपला न काढताच परत फिरणारे. पण तेही म्हणाले, "मला काही नाही, पण तुझ्या आईच्या जिवाला घोर लागेल." धुणंभांडी करणाऱ्या सखूबाईंनी तर कानाला हात लावले. शेवटी आईनेच तोडगा काढला. "हिचं कुठे लग्न झालंय? हिने उपटला तर दोष नाही."

सत्ताविसाव्या वर्षापर्यंत बिनलग्नाची राहिल्याबद्दल मला त्या घरात मिळालेला हा एकमेव मान.

तेव्हा एसटीची वेळ होत आलेली असताना मी गच्चीवर चिरेत खुरपं घालून बसले होते. रोप निघालं. फेकायला हात उचलला तर आई म्हणाली, "टाकू नकोस. बरोबर ने नि जप. तुझ्या बाबांचं आयुष्य आहे त्यात." बाबा तिथेच पेपर वाचत बसले होते. आपलं आयुष्य ओल्या फडक्यात गुंडाळून दुधाच्या पिशवीत घातलं जाताना त्यांनी फक्त पान उलटलं.

स्टँडवर काकू, मावश्या, शेजारच्या जोशीबाई, सगळ्या जमल्या होत्या. लखनौला मला सरकारी औषध संशोधन संस्थेत नोकरी लागली होती. औषधशास्त्रातली पीएच.डी. ही काही पळून जाण्याची सबब नव्हे, पण त्यांच्या चेहऱ्यांवर तेच होतं. "एवढ्या लांब, भय्यांच्या मुलखात, एकटी." यातल्या एकीनेही सातारा जिल्हा ओलांडला नव्हता. लखनौ कुठल्या दिशेला आहे असं विचारलं असतं तर चौघींनी चार दिशांना हात केले असते. बाबांनी खिडकीतून एक स्टीलची फुटपट्टी आत दिली, प्रयोगशाळेतली, त्यांची स्वतःची. म्हणाले, "असू दे. कामाला येते."

हे मी फलटणला राहिलेल्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारखे जे उठून कुठे कुठे गेले त्यांच्यासाठीही. दोघांबद्दलही मला फारसा आदर नाही, हे आधीच सांगून टाकते. राहिलेल्यांना वाटतं गेलेले सुखात लोळतात. गेलेल्यांना वाटतं राहिलेले आपल्या आठवणीने व्याकूळ होतात. दोन्ही गैरसमज.

लखनौत मी जानकीपुरमला खोली घेतली. घरमालक गच्चीत मोठ्या कुंड्या ठेवू देईनात, म्हणून वड एका उथळ मातीच्या थाळीत लावला. एवढंच कारण. त्यात कसलंही तत्त्वज्ञान नव्हतं, सौंदर्यदृष्टी नव्हती, जपान तर नव्हताच. थाळीत झाड जगवायचं तर मुळं कापावी लागतात, हे पुस्तकात वाचून शिकले. दोन-तीन वर्षांनी पावसाळ्याच्या तोंडावर झाड उपसायचं, लांबलेली मुळं छाटायची, वीटचूर आणि खत घालून परत बसवायचं. फांद्यांना तार गुंडाळून वळण द्यायचं आणि सालीत रुतायच्या आत ती काढायची. हातात चिकटलेला चीक दोन दिवस जात नाही. पुढे जानकीपुरम विस्तारात माझा स्वतःचा फ्लॅट झाला तेव्हा मोठ्या कुंडीला जागा होती, पण तोवर झाडाला आणि मला दोघांनाही थाळीची सवय झाली होती. मग पिंपरण आली, बोगनवेल आली, एक चिंच आली. वड मात्र पहिला.

मग मला इथल्या बोन्सायवाल्यांची एक मंडळी सापडली. नाव सांगत नाही, सगळ्या शहरांत ती सारखीच असते. दर हिवाळ्यात प्रदर्शन. झाडाखाली चिनी मातीचा म्हातारा मासे धरत बसलेला, शेजारी इवलासा पूल, आणि मागे उभ्या बाई "मेडिटेशन है ये मेरा" म्हणत असतात. मेडिटेशन त्यांचा माळी करतो. मुळं तो कापतो, पाणी तो घालतो, बाई बक्षीस घ्यायला येतात. माझ्या वडाला एका परीक्षकाने गुण कमी दिले, पानं मोठी आहेत म्हणून. वडाची पानं मोठी असतात हे त्यांना त्या दिवशी कळलं असावं.

त्यांच्याहून मला जास्त राग येतो तो कनवाळू लोकांचा. "अगंबाई, किती छळ हा मुक्या जिवाचा." हे म्हणणारी बाई घरी लॉन दर आठवड्याला खरडून घेते आणि अडीच वर्षांच्या नातवाला इंग्रजीच्या शिकवणीला पाठवते. आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे आमचं मराठी मंडळ. एका गणेशोत्सवात रेल्वेतले एक निवृत्त साहेब भाषणाला उभे राहिले आणि डोळे पुसत म्हणाले, "आपण सारे बोन्साय आहोत. आपली मुळं कापली गेली, आपण परक्या कुंडीत खुरटलो." टाळ्यांचा कडकडाट. साहेबांचा बंगला, दोन नोकर, मुलगा अमेरिकेत. खुरटले कुठे ते काही मला दिसेना. मंडळाची पोरं मागच्या रांगेत "कब खत्म होगा यार" म्हणत होती, त्या सभागृहातलं तेवढंच एक वाक्य मला पटलं.

मुळं कापल्याने झाड मरत नाही. कापली नाहीत तर मरतं, स्वतःच्याच मुळांच्या गुंत्यात घुसमटून. हे मी साहेबांना चहाच्या वेळी सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार प्रॅक्टिकल आहात." मराठी माणूस याहून मोठी शिवी बाईला देत नाही.

आता फोटोंचं. पहिल्या दोन वर्षांत आई माझे फोटो मागायची आणि मी पाठवायची. मग एकदा सुट्टीत गेले तर कळलं की माझा विधानभवनासमोरचा फोटो कोल्हापूरच्या एका इस्टेट एजंटाच्या घरी आहे, आणि दुसरा बार्शीच्या एका घटस्फोटिताच्या आईने पर्समध्ये ठेवला आहे, विचार करायला. मी त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. सांगितलं, यापुढे माझा एकही फोटो या घरात येणार नाही. आणि मी शब्दाची पक्की आहे, त्याचा मला अभिमानही होता.

पुढच्या वटपौर्णिमेच्या आधी आईचा फोन आला. "वडाचा तरी फोटो पाठव. जिवंत आहे का नाही, कसं कळणार मला?" हरकत घ्यावी असं त्यात काही नव्हतं. मी दारातल्या पांढऱ्या भिंतीपुढे थाळी ठेवली, शेजारी बाबांची फुटपट्टी उभी केली, फोटो काढला, धुवून घेतला आणि पोस्टाने पाठवला. तेव्हापासून दर वटपौर्णिमेला तीच भिंत, तीच पट्टी, तोच वड. पोस्टाचं ईमेल झालं, ईमेलचं व्हॉट्सअ‍ॅप झालं. इथल्या बायका वडाची पूजा पंधरा दिवस आधी, अमावास्येलाच उरकतात, त्यामुळे आमच्या पौर्णिमेला जिन्यात शांतता असायची आणि उजेडही बरा मिळायचा.

आईचा दर वर्षी एकच सवाल. "हा वाढत का नाही? खायला घालतेस का त्याला काही?" मी समजावून समजावून थकले. वड फूटभरच ठेवायचा आहे, तेच तर कौशल्य आहे. तिचं गणित सरळ होतं: वड खुरटा तर नवऱ्याचं आयुष्य खुरटं. "कुंडीत कोंबलंयस माझं सौभाग्य," ती म्हणायची. पी हळद नि हो गोरी, असा तिचा झाडांच्या बाबतीतला धीर. बाबा मागून फोन घ्यायचे. "उंची बघू नका म्हणावं तिला. घेर बघा." ते फोटोतल्या पट्टीवरून खोडाची जाडी मोजायचे आणि मला आकडा सांगायचे, आणि तो माझ्या मोजमापाशी जुळायचा.

वर्षं सारखी गेली नाहीत. एका जानेवारीत कोहरा, म्हणजे इथलं दाट धुकं, इतका टिकला की सगळी पानं गळाली आणि वड चैत्रापर्यंत काडीसारखा उभा होता. एका वर्षी बंदरांनी गच्चीतून उतरून त्याची सगळ्यात देखणी फांदी मोडली. मी ती तागाच्या दोरीने बांधली, ती जोडली गेली नाही, पण जखमेच्या कडेने जो फुटवा आला त्याने झाडाला पुढे खरा आकार दिला. एका वर्षी बुरशीने झाड इतकं उतरलं की त्याचा फोटो आईला पाठवण्याची माझी छाती होईना. मी आदल्या वर्षीचाच पाठवला. औषधशास्त्राची डॉक्टर, आणि वडाची पानं गळाली तर बाबांना काही होईल अशी धास्ती आईला लागू नये म्हणून खोटेपणा करत होते. बाबांनी दुसऱ्या दिवशी एकट्याने फोन केला. "घेर एका सुताने तरी वाढायला हवा होता. हा जुना आहे." मग म्हणाले, "आईला मी बोललो नाही." पारंब्या फुटल्या त्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, केसासारख्या बारीक, एका दमट श्रावणात. त्या मातीपर्यंत पोचाव्यात म्हणून मी शरबताच्या नळ्या वापरल्या. तेव्हाचा फोटो बघून आई पहिल्यांदा म्हणाली, "आता वडासारखा दिसतो."

चार वर्षांपूर्वी आई गेली. मूत्रपिंडं निकामी झाली होती. तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली आणि जमलेल्या सगळ्या बायका कौतुकाने म्हणाल्या, "भाग्याची, सवाष्ण गेली." माझी एक मावशी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तुझ्या वडाने काम चोख केलं हो." आई मेली याचं श्रेय माझ्या झाडाला मिळालं. मी तोंड उघडलं असतं तर तेराव्याचं जेवण कुणाच्या घशाखाली उतरलं नसतं.

पुढच्या वटपौर्णिमेला मी फोटो पाठवला नाही. संध्याकाळी बाबांचा फोन. "फोटो?" म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, "घेर बघायचाय."

गेल्या वर्षी, वटपौर्णिमेनंतर थोड्याच दिवसांत, ते न्हाणीघरात घसरले. मनगट मोडलं. धाकटा भाऊ अजित पुण्याला असतो, बायको-मुलं, दोन गाड्या, एक कुत्रा. त्याचा फोन आला, "ताई, मी दोन ठिकाणं बघून ठेवलीत. फार छान आहेत. गार्डन आहे." वृद्धाश्रमाला वृद्धाश्रम म्हणायला लाज वाटते म्हणून हल्ली त्याला गार्डन लावतात. मी म्हटलं, मी त्यांना लखनौला नेते. अजितने सुस्कारा टाकला, सुटकेचा की काळजीचा ते त्याचं त्याला ठाऊक. "दिवाळीपर्यंत बघ. नाही रमले, तर मग माझा पर्याय." म्हणजे बाबांना चार महिन्यांत रमायचं होतं, आणि रमले नाहीत तर गार्डन.

फलटणला पोचले तर सल्लागार हजर. "म्हातारं झाड हलवू नये." वीस वर्षं झाडं हलवणाऱ्या बाईला हे सांगायचं म्हणजे कमाल. म्हातारं झाड हलवता येतं. त्याच्याबरोबर जुन्या मातीचा गोळा न्यावा लागतो. मी बाबांची आरामखुर्ची पार्सलने पुढे पाठवली, त्यांचा रेडिओ, चहाचा कानतुटका कप, दहा किलो ज्वारी असं सगळं बांधलं. तीन आठवडे लागले. बाबा कशाला नाही म्हणत नव्हते, आणि तेच वाईट लक्षण होतं. अमौसी विमानतळावर उतरून टॅक्सीत बसलो, सरोजिनी नगरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो, तेव्हा तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी आपणहून काही विचारलं. "वड कुठे ठेवतेस? सकाळी मी स्वतः मोजतो घेर."

मला इतकं बरं वाटलं की मी ड्रायव्हरला एसी वाढवायला सांगितला. आपल्या हातात एक गोष्ट आहे, असं वाटलं. हा माणूस माझ्या घरात नाही रमला तरी त्या झाडाशी रमेल.

घरी आलो तर बाल्कनीत थाळी रिकामी.

किल्ली तळमजल्यावरच्या शुक्ला भाभींकडे होती. भाभी साठीच्या, धार्मिक, कॉलनीतल्या प्रत्येक भंडाऱ्यात पुढे. मी खाली गेले तर त्या हसतमुखाने बाहेर आल्या. "अरे डॉक्टर साहिबा, आ गईं? बाबूजी ठीक हैं? हम लोग पार्क में हरिशंकरी लगवा रहे थे न." हरिशंकरी म्हणजे पिंपळ, वड आणि त्यांच्याच कुळातला पाकर एकाच आळ्यात लावायचे. इकडे त्याचं मोठं पुण्य मानतात. "नर्सरी में बरगद ख़तम हो गया था, मुहूर्त निकला जा रहा था. और आपके यहाँ बेचारा थाली में पड़ा तड़प रहा था. हमने सोचा पुण्य आपको भी लगेगा."

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. मी विचारलं, फोन का नाही केला. म्हणाल्या, "आप परेशान थीं, क्या तंग करते."

पार्कात गेले. कोपऱ्यात विटांचं गोल कडं, त्यात एक पिंपळ, एक पाकर, दोन्ही कमरेएवढे, आणि मध्ये गुडघ्याखाली माझा वड, कलाव्याचा लाल धागा गुंडाळलेला, खोडाला कुंकू फासलेलं. शेजारी पाटी: भाभींचं नाव, त्यांच्या दिवंगत सासऱ्यांचं नाव. पारंब्या दोन तुटल्या होत्या. वीस वर्षांच्या वळणांवर आठ नवे कोंब सरळ वर निघाले होते, कुणाच्या बापाची पर्वा न करता.

मी घरी जाऊन खुरपं आणलं. तोवर पार्कात बायका जमल्या होत्या. "हरिशंकरी उखाड़ेंगी? पाप लगेगा, डॉक्टर साहिबा." मी म्हटलं, लगने दीजिए. त्यात बाबा जिना उतरून आले, प्लास्टरमधला हात छातीशी धरून, फुटपट्टी सदऱ्याच्या खिशात खोचून. बायकांनी वाट दिली. ते कड्याशी बसले, उजव्या हाताने कलाव्याचं एक टोक सोडवलं, खोडाभोवती एक वेढा घेतला, नखाने खूण केली आणि धागा त्या पट्टीशेजारी धरला. आकडा मनाशी पुटपुटले.

"कितना दिन हुआ लगाके?"

"तीन हफ़्ते हो गए होंगे, बाबूजी," भाभी म्हणाल्या.

"म्हणजे नवी मुळं सुटली असणार." मग माझ्याकडे वळून, "आता परत उपटलंस तर जगेल?"

मला माहीत होतं ते मी सांगितलं. नवी मुळं कोवळी असतात, उपसताना तुटतात. जगेलही, जाईलही.

"सांगता येत नाही ना? मग राहू दे."

"बाबा, सगळा आकार जाईल त्याचा. वर्षभरात ओळखू येणार नाही."

"जाऊ दे आकार," ते म्हणाले आणि उठायला माझा हात मागितला.

त्या रात्री मी जेवले नाही. मला झाडाचं दुःख होतं हे मी कबूल करते, पण त्याहून मोठा राग होता तो दयेचा. भाभींनी झाडाला विचारलं नव्हतं. मग एक नको तो विचार आला की बाबांनाही कुणी विचारलं नव्हतं. मी तो हाकलून लावला. पण विचार चिकासारखे असतात, हात धुऊन जात नाहीत.

बाबा रमले का, हे मला ऑक्टोबरपर्यंत कळत नव्हतं. लखनौबद्दल त्यांचं मत माझ्या फलटणबद्दलच्या मतासारखंच निघालं. सब्जीत दाण्याचं कूट नाही, आमटी नाही, चहात साखर इतकी की कारखान्याला नफा व्हावा. प्रत्येक जण "आइए, बैठिए" म्हणतो पण मुद्द्यावर अर्ध्या तासाने येतो. त्यांची हिंदी ऐकून सब्जीवाला भैया हसू दाबायचा. "वो झाड को पानी डाला क्या?" झाडूला पाणी का घालायचं, हे त्याला कळेना. पण सकाळ-संध्याकाळ ते पार्कात जायचे. गाई हाकलायचे, बंदरांना काठी दाखवायचे, पोरांचा बॉल कड्यात गेला की स्वतः काढून द्यायचे. शुक्ला भाभींनी एकदा दूध घातलं झाडाला, तर त्यांनी समजावून सांगितलं की दुधाने मुंग्या येतात. भाभींनी माझं कधी ऐकलं नसतं. बाबूजींचं ऐकलं.

दिवाळीत अजितचा फोन आला. मी स्पीकर लावला. "बाबा, कसं काय? यायचं का इकडे?"

बाबा म्हणाले, "आत्ता नाही जमायचं. पाकर वडाच्या पुढे गेलाय."

अजितला काही कळलं नाही. मला कळलं. पाकर भराभर वाढतो, तो वडाला झाकोळत होता, आणि बाबांना ते सहन होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी कात्री मागून घेतली आणि पाकराच्या दोन फांद्या भाभींच्या देखत उडवल्या.

यंदा वड माझ्या खांद्याला लागला. झाड म्हणून ते आता हास्यास्पद आहे. खाली जुनं जाडजूड, वळणदार खोड आणि त्यातून निघालेल्या सरळसोट काठ्या, पानं तळहाताएवढी. बोन्सायवाल्या मंडळींपैकी एक बाई बघून गेल्या आणि "सो सैड" म्हणाल्या. त्यांच्या ज्येष्ठ अमावास्येला, म्हणजे आपल्या वैशाखातल्या, कॉलनीतल्या बायकांनी त्याला सूत गुंडाळलं, इतकं, की मी दुसऱ्या दिवशी जाऊन ते कात्रीने सैल केलं, नाहीतर सालीत रुतलं असतं. त्यांना नवरे हवेत, झाडाचं काय.

पंधरा दिवसांनी आमची पौर्णिमा आली. सुट्टी नव्हती, मी इन्स्टिट्यूटला जायच्या आधी पार्कात गेले. बाबा बाकावर होते. मी सवयीने पट्टी खोडाला टेकवली, मागे सरकले, फोटो काढला. पाठवायला फोन उघडला आणि अंगठा तसाच राहिला. आईचा नंबर मी काढून टाकलेला नाही. त्याच्याखाली बाबांचा. आणि बाबा समोर.

"मला पाठव," ते म्हणाले.

"तुम्ही इथेच बसलाय बाबा. झाड समोर आहे."

"तरी पाठव."

पाठवला. त्यांच्या खिशात टिंग झालं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांशी नेला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ कडेकडेने बघत राहिले. मला वाटलं घेर मोजतायत.

"ह्यातही नाहीस तू," ते म्हणाले.

मला समजलं नाही.

"तुझी आई दर वर्षी पहिलं तेच बघायची. झाडामागे कुठे तू दिसतेस का. सावली, पदर, काहीतरी. तू बंदी घातली होतीस, म्हणून तिने वडाचं काढलं. तिला वाटायचं कधीतरी चुकून येशील फोटोत." त्यांनी चष्मा खाली घेतला. "एकदा हात आला होता तुझा. ती मोडकी फांदी धरलेला. तो तिने फ्रेम करून देवघरात लावला."

तो फोटो मी देवघरात पाहिलेला होता. बाई वडाच्या फोटोची पूजा करते म्हणून मी मनात हसले होते, आणि इन्स्टिट्यूटमध्ये सहकाऱ्यांना सांगूनही हसवलं होतं. त्यातल्या हाताकडे मी बघितलं नव्हतं.

"हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"तुला काही सांगायचं म्हणजे," बाबा म्हणाले, "माणसाला आधी दोन दिवस जेवून घ्यावं लागतं."

मग त्यांनी हात वर केला आणि फाटकाशी उभ्या असलेल्या शुक्ला भाभींना हाक मारली. "भाभीजी, जरा फोटो." भाभी लगबगीने आल्या. मी पट्टी हातात धरून उभी. बाबा बाकावरून उठून माझ्या शेजारी आले, प्लास्टर कधीच निघालेला त्यांचा हात माझ्या कोपराशी टेकला. "डॉक्टर साहिबा, मुस्कुराइए तो," भाभी म्हणाल्या. ते मला जमलं नाही. मला रडू येत होतं, आणि शुक्ला भाभींपुढे रडण्याची माझी तयारी नव्हती.

घर म्हणजे काय, यावर मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी चार लेख असतात, अंगण, तुळस, मातीचा वास. मला ते कधी पटले नाहीत. फलटणचं घर आता कुलूपबंद आहे आणि मला त्याच्या मातीचा वास आठवत नाही. एवढं मात्र मला आता माहीत आहे की पंधरा-सोळा वर्षं तिथे एक बाई माझ्या झाडाच्या फोटोत मला शोधत होती, आणि तोवर ते घर होतं. सध्या तसं बघणारा माणूस जानकीपुरम विस्तारात, दुसऱ्या मजल्यावर राहतो.

शुक्ला भाभींना फोटो काढता येत नाही. त्यांनी वड वरून अर्धा कापला, कोपऱ्यात स्वतःचं बोट आणलं, पट्टी तर आलीच नाही. बाबा आणि मी मात्र पुरते आलो आहोत. बाबा म्हणाले, "अजितला पाठव. फलटणच्या सगळ्यांनाही पाठव." मी पाठवला.